तंतुकणिका आणि कर्करोग
पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेचा म्हणजेच मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वेगळा असतो : माणसात १६,५६९ बेसजोड्या, ३७ जनुके. त्याला हिस्टोन प्रथिनांचे वेष्टन नसते आणि श्वसनसाखळीतून निसटणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू अगदी शेजारीच तयार होतात, म्हणून त्याला सहज इजा होते. हे रेणू केंद्रकातील डीएनएलाही इजा करू शकतात, आणि अशा इजेतून कर्करोग उद्भवू शकतो. दुसरा दुवा ऊर्जेचा : ऑक्सिजन असतानाही अर्बुदपेशी (गाठीतील पेशी) ग्लुकोजचे लॅक्टिक अम्ल करतात, हे शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. (पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती ग्लुकोजच्या याच हावेमुळे.) बिघडलेले श्वसन हेच कर्करोगाचे मूळ, हा त्यांचा १९५६ मधील निष्कर्ष मात्र घाईचा होता, कारण बहुतेक अर्बुदांत तंतुकणिका काम करतच असतात. अपवाद बोलका आहे : सक्सिनेट डीहायड्रोजनेज एंझाइमाची जनुके बिघडली की सक्सिनेट साचते, डीएनएवरील मिथिल खुणा पुसणारी एंझाइमे अडतात आणि पॅरागँग्लिओमासारखी अर्बुदे उद्भवू शकतात.