खनिजातले पाणी मोजताना : १३४ वर्षांची एक कथा

१/ मोरचुदाचा निळा खडा तापवला की पांढरा पडतो, कारण त्याच्या स्फटिकात बांधलेले पाणी निघून जाते. शाळेच्या प्रयोगशाळेत मोजता येणारे हे स्फटिकजल युरेनियमच्या कार्बोनेट खनिजांत मात्र शंभरहून अधिक वर्षे विज्ञानाला हुलकावणी देत राहिले. #थ्रेड

२/ साल १८४८. अमेरिकी रसायनज्ञ जॉन लॉरेन्स स्मिथ तेव्हा ऑटोमन सुलतानाच्या सेवेत होते. एड्रियानोपल (आजचे एदिर्ने) परिसरातील एका हिरवट खनिजात त्यांना युरेनियम, कॅल्शियम, कार्बोनेट आणि पाणी सापडले. आपले गुरू युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावावरून त्यांनी त्याला ‘लीबिगाइट’ म्हटले.

३/ या नामकरणात एक योगायोग दडला आहे. पदार्थ तापवल्यावर निघणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वेगवेगळे पकडून तोलण्याची पद्धत १८३१ मध्ये लीबिग यांनीच सुटसुटीत केली होती. लीबिगाइट तापवले असता नेमके हेच दोन वायू बाहेर पडतात.

४/ तरीही आकडा पक्का होईना. नमुने चिमूटभर, त्यांत इतर खनिजांची भेसळ. आणि स्फटिकातले पाणी कोणते, पृष्ठभागावरचा ओलावा कोणता, हे तराजूला कळत नाही.

५/ ही खनिजे जन्मतात कशी? बोहेमियातील योआखिमस्टाल (आजचे याखिमोव्ह) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कार्बोनेटयुक्त भूजल युरेनियम विरघळवून सोबत नेते. खाणीच्या भिंतींवर पाणी सुकले की पिवळी-हिरवी पुटे उरतात. व्होग्लाइट (१८५३) आणि श्रोकिंगेराइट (१८७३) ही खनिजे तिथलीच.

६/ १९०६ मध्ये याउलट उदाहरण समोर आले. जर्मन पूर्व आफ्रिकेतील (आजचा टांझानिया) मोरोगोरो भागातून विली मार्कवाल्ड यांनी ‘रदरफोर्डिन’ नोंदवले. हे युरेनियमचेच कार्बोनेट, पण पाण्याचा एकही रेणू नसलेले. म्हणजे पाणी अपरिहार्य नव्हते. ते कुठे आणि का शिरते, हा खरा प्रश्न होता.

७/ १९५१ मध्ये ॲरिझोनातील हिलसाइड खाणीतून अँडरसोनाइट, स्वार्ट्झाइट आणि बेलीआइट या तीन नव्या खनिजांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. बेलीआइटमध्ये युरेनियमच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे १८ रेणू, म्हणजे वजनाच्या सुमारे ३९ टक्के! खाणीच्या दमट हवेतून बाहेर आले की ते कोरडे पडून भुकटी होऊ लागते. मोजायची वस्तूच मोजण्याआधी बदलत होती.

८/ कोडे सोडवले ते क्ष-किरणांनी. पाणी हाकलून तोलण्याऐवजी स्फटिक अखंड ठेवून अणूंच्या जागा शोधता आल्या. कुर्ट मेराइटर यांनी १९८२ मध्ये लीबिगाइटची रचना मांडली. स्मिथ यांच्यानंतर १३४ वर्षांनी!

९/ १९८६ मध्ये बेलीआइटची रचनाही उलगडली. १८ पैकी १२ रेणू मॅग्नेशियमच्या दोन अणूंभोवती सहा-सहाच्या कोंडाळ्यात बसलेले. उरलेले सहा कोणत्याही धातूला न चिकटता केवळ हायड्रोजन बंधांनी धरलेले. हे पाणी म्हणजे भिंतीतली ओल नव्हे. इमारतीचा भार पेलणारे खांबच.

१०/ तरी शेवटचा आकडा नम्रच राहिला. मेराइटर यांनी लीबिगाइटमध्ये ‘सुमारे ११’ रेणू लिहिले. १९८१ च्या एका अभ्यासात कृत्रिम अँडरसोनाइटसाठी ‘सुमारे ५.६’ आला. रेणूचे तुकडे होत नाहीत; पण स्फटिकातल्या काही जागा भरलेल्या आणि काही रिकाम्या असल्या, तर सरासरी अपूर्णांकात येते.

११/ म्हणून जुन्या ग्रंथांतले वेगळे आकडे केवळ चुका म्हणून खोडून टाकणे अन्यायाचे ठरेल. तराजूपाशी बसलेल्या रसायनज्ञाने पाणी मोजले, पण ते मोजण्यासाठी त्याला स्फटिक मोडावा लागत होता. स्फटिक न मोडता पाहण्याची सोय झाली, तेव्हाच पाणी आपल्या जागी दिसले.