एकही 'एल' नसलेला संदेश

गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच टीममधल्या लोकांची अप्रेझल्स लिहायची वेळ आली. पाच फॉर्म तासाभरात झाले, सहाव्यापाशी अडलो. हा मुलगा मीटिंगमध्ये चकार शब्द काढत नाही, स्टेटस मेल विसरतो आणि लॉग फाइल्सचे चक्क प्रिंट काढून वाचत बसतो. मी लिहून टाकलं, 'हुशार, पण बेभरवशाचा'. आणि एकदम आठवलं, की जवळजवळ हाच शेरा ॲलन ट्यूरिंगलाही मिळाला होता!

गोष्ट १९३९ची. महायुद्ध सुरू होताच ट्यूरिंग ब्लेचली पार्कमध्ये दाखल झाला. काम होतं जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश फोडण्याचं. तिथे तो डिली नॉक्सच्या हाताखाली होता. नॉक्स ग्रीकचा पंडित, फाटक्या पपायरसवरचे मजकूर जुळवण्यात मुरलेला. त्याने वरिष्ठांना कळवलं, की हा अतिशय हुशार आहे, पण बेजबाबदार आहे. बऱ्यावाईट कल्पना उधळत असतो, जागेवर टिकत नाही.

दोघांची डोकी अगदी वेगळी चालायची. ट्यूरिंगला दिसायचं यंत्र. संदेशात अमुक शब्द असणार असा अंदाज धरायचा आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या चक्रांच्या जागा यंत्राकडूनच बाद करून घ्यायच्या. पोलिश गणितज्ञांनी आधी घातलेल्या पायावर त्याने 'बॉम्ब' नावाचं यंत्र आखलं. पहिलं मार्च १९४०मध्ये बसलं.

नॉक्सच्या लोकांना मात्र दिसायचा पलीकडचा माणूस.. दमलेला, कंटाळलेला ऑपरेटर. त्याच्या गटात मेव्हिस लीव्हर होती, जर्मन शिकता शिकता कॉलेज सोडून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी. एकदा इटालियन नौदलाचा एक संदेश बघताना तिच्या लक्षात आलं, की यात 'एल' हे अक्षर एकदाही नाही. एनिग्मात कुठल्याही अक्षराचं रूपांतर त्याच अक्षरात होत नाही. म्हणजे? कुणाला तरी नुसताच एक खोटा संदेश पाठवायला सांगितलं होतं, आणि त्या आळशी बाबाने सगळा वेळ शेवटची कळ, 'एल', दाबली होती! मूळ मजकूर आयताच हाती आला आणि त्यावरून नव्या चक्राची आतली जोडणी उलगडली. मार्च १९४१मध्ये याच गटाने फोडलेल्या संदेशांमुळे ब्रिटिश नौदल सावध झालं. मॅटापानच्या लढाईत इटलीने तीन क्रूझर आणि दोन विनाशिका गमावल्या.

'बॉम्ब'ला हा आळशीपणा कधीच दिसला नसता. आणि रोज येणाऱ्या संदेशांचा ढीग एकट्या मेव्हिसच्या नजरेने उपसला नसता.

पण तिथे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असं अजिबात नाही हां. गॉर्डन वेल्चमन हा गणिती नॉक्सला इतका नकोसा झाला, की त्याने त्याला जवळच्या शाळेच्या इमारतीत पाठवून दिलं. स्वतः विक्षिप्त असलेल्या माणसालाही दुसऱ्याचा विक्षिप्तपणा सोसत नाही! वेल्चमनने तिथे बसून कारखान्यासारखं शिफ्टमध्ये काम करायची योजना आखली, आणि पुढे 'बॉम्ब'मध्येही मोठी सुधारणा सुचवली. नॉक्स वरचेवर राजीनाम्याची पत्रं लिहायचा आणि प्रमुख ॲलिस्टर डेनिस्टन ती पचवायचा. त्याने कुणाला एका साच्यात बसवलं नाही. नॉक्सचं कॉटेज वेगळं राहिलं, ट्यूरिंग आणि वेल्चमन यांच्या झोपड्या वेगळ्या.

माझ्या मते खरी कदर ती हीच. माणूस आवडलाच पाहिजे असं नाही, त्याच्या डोक्याला जमेल असं काम मात्र त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. डेनिस्टनचं ते काम होतं, आणि आमच्या टीमपुरतं ते माझं आहे.

असो. फॉर्म अजून सबमिट केलेला नाही. गेल्या महिन्यात तीन दिवस न सापडलेला बग त्या मुलाने प्रिंटआउटवर पेन्सिलने खूण करून दाखवला होता, हे मी लिहायलाच विसरलो होतो. सोमवारी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसणार आहे. तो लॉग वाचतो कसा, ते एकदा बघायचंय.