जर्मनचे पैसे

परवा नातवाला माळ्यावरच्या डब्यात तीन पैशांचं षटकोनी नाणं सापडलं. हातात घेऊन म्हणतो, "आजोबा, हे खेळण्यातलं आहे का?" सव्वा ग्रॅम वजन, त्याचा तरी काय दोष! १९६४ साली हे नाणं आलं तेव्हा आम्ही पोट्टेही हेच म्हणालो होतो. आमच्या वाशीमकडे अ‍ॅल्युमिनियमला 'जर्मन' म्हणायचे. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. वडील म्हणाले, "घ्या, सरकारनं आता जर्मनचे पैसे काढले."

वडिलांचं अर्धंच बरोबर होतं. पातेल्याचा धातू जवळजवळ शुद्ध असतो. तो मऊ, म्हणून ठोकून सहज आकार घेतो, आणि म्हणूनच त्याला पोचेही पडतात. हजार हातांतून फिरणाऱ्या नाण्याला हे कसं चालेल? त्यात थोडं मॅग्नेशियम घातलेलं होतं.

मॅग्नेशियमच का, हा खरा प्रश्न. कडक करायला तांबंही चाललं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी तांबं मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवलं, आणि ते नुसतं ठेवल्या ठेवल्या काही दिवसांत आणखी कडक झालं! तेच ड्युरॅल्युमिन. विमानं त्यावर उडाली. पण तांब्यानं ताकद येते तशी झिजही येते. विमानाच्या पत्र्याला म्हणून वरून शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर देतात. नाण्याला एवढे लाड कोण पुरवणार? मॅग्नेशियमचा मिश्रधातू विझवण्याच्या खटाटोपाशिवाय कडक होतो आणि खाऱ्या हवेतही टिकतो. नावासुद्धा त्याच्या करतात. वाशीमच्या कोरड्या हवेत काहीही चाललं असतं हो, पण तेच नाणं रत्नागिरीच्या पावसातही चालायला हवं होतं. इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी अ‍ॅल्युमिनियमची नाणी पाडली होती. दमट हवेत ती खराब झाली आणि लवकरच धातू बदलावा लागला.

मुळात तांबं-निकेल सोडलं ते महागाईमुळे. निकेल तर सगळं बाहेरून यायचं. अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल, बॉक्साइट, मात्र आपल्या कोल्हापूरच्या डोंगरांतही आहे. १९५७ चा ब्राँझचा नवा पैसा दीड ग्रॅमचा, तर १९६५ चा अ‍ॅल्युमिनियमचा पैसा पाऊण ग्रॅमचा, तरी आकारानं किंचित मोठाच! मग १९६७ ला पाच पैसे आणि १९७१ ला दहा पैसेही ह्याच धातूत आले.

आम्हाला त्या हलकेपणाची लाज वाटायची. खिशात वाजत नसे ना! बाजारातल्या म्हाताऱ्या बाया नाणं उलटंपालटं करून बघत. पुढे मीच शिक्षक झालो तेव्हा वर्गात दोन पैशांचं नाणं ताटलीतल्या पाण्यावर अलगद आडवं ठेवून दाखवायचो. तरंगायचं. पृष्ठताण शिकवायला याहून स्वस्त साधन मला मिळालं नाही.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची सगळी नाणी व्यवहारातून गेली. नातवानं डब्यातून दोन पैसेही शोधून काढले आहेत. ताटली मागतो आहे.