पस / ओ, द गिल्ट

‘द जीझस लिझर्ड’ आणि ‘निर्वाना’ या दोन अमेरिकन रॉक बँडचे स्प्लिट सिंगल. शिकागोच्या ‘टच अँड गो’ या स्वतंत्र कंपनीने ते फेब्रुवारी 1993 मध्ये सात इंची तबकडी व सीडी या रूपांत प्रसिद्ध केले. पहिल्या बाजूला जीझस लिझर्डचे ‘पस’, दुसऱ्या बाजूला निर्वानाचे ‘ओ, द गिल्ट’.

दोन बँडनी एक तबकडी वाटून घेण्याची पद्धत छोट्या कंपन्यांत आधीपासून रुळलेली होती. त्यात खर्च कमी येतो आणि एकाचे श्रोते दुसऱ्यालाही मिळतात. निर्वानाने 1991 मध्ये ‘द फ्लुइड’सोबत सब पॉप कंपनीसाठी असे सिंगल काढले होते. टच अँड गोशी मात्र त्यांचे जमले नव्हते. निर्वानाचा गायक कर्ट कोबेनने सुरुवातीच्या काळात तेथे नमुना ध्वनिफिती पाठवल्या, पण करार झाला नाही. प्रस्तुत सिंगलचा बेत निर्वानाचा अल्बम ‘नेव्हरमाइंड’ गाजण्यापूर्वीचा असल्याचे सांगितले जाते. जानेवारी 1992 मध्ये तो अल्बम बिलबोर्ड यादीत अव्वल ठरला. त्यानंतरही निर्वानाने हे सिंगल एका छोट्या कंपनीकडून काढू दिले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

ध्वनिमुद्रण : दोन्ही बाजूंतील खरा फरक ध्वनिमुद्रणात आहे. ‘पस’ हे 1992 च्या ‘लायर’ या अल्बममधील गाणे. मुद्रण स्टीव्ह अल्बिनी यांचे. डेव्हिड सिम्सचा बास आणि मॅक मॅक्नीलीचे ड्रम अगदी पुढे, ड्वेन डेनिसनची गिटार कोरडी व धारदार, आणि डेव्हिड याऊचा आवाज वाद्यांच्या वर न चढता त्यांच्यात अडकलेला, अशी त्याची रचना आहे. गायकाला वाद्यांपेक्षा वरचढ न ठेवणे हा अल्बिनींच्या कामाचा विशेष येथे स्पष्ट ऐकू येतो.

‘ओ, द गिल्ट’ 7 एप्रिल 1992 रोजी सिएटलमध्ये बॅरेट जोन्स यांच्या ‘लाँड्री रूम’ या घरगुती स्टुडिओत मुद्रित झाले. जोन्स हे निर्वानाचे ड्रमवादक डेव्ह ग्रोल यांचे जुने मित्र. त्याच सत्रात ‘कर्मजन’ आणि वायपर्स बँडचे ‘रिटर्न ऑफ द रॅट’ ही गाणीही झाली. ‘नेव्हरमाइंड’ची घासूनपुसून केलेली सफाई यात नाही. गिटारच्या थबकणाऱ्या आवर्तनात सिगारेट लायटरचा खटका ऐकू येतो; तो काढून न टाकता तालाचा भाग म्हणून ठेवला आहे. सिंगल बाजारात आले, त्याच महिन्यात निर्वाना मिनेसोटात अल्बिनींकडेच ‘इन युटेरो’ हा अल्बम मुद्रित करत होते.

मुखपृष्ठ : माल्कम बकनॉल यांचे ‘ओल्ड इंडियन अँड व्हाइट पूडल’ हे चित्र.

ब्रिटनच्या सिंगल्स यादीत हे सिंगल 12 व्या क्रमांकापर्यंत पोचले. जीझस लिझर्डला त्या यादीत एवढे वरचे स्थान पुन्हा मिळाले नाही. ‘ओ, द गिल्ट’ निर्वानाच्या एकाही स्टुडिओ अल्बममध्ये नाही. 2004 च्या ‘विथ द लाइट्स आउट’ या संचात ते समाविष्ट झाले.