वंचना, ताण आणि खूण : एका प्रश्नाच्या इतिहासातील तीन संज्ञा

शास्त्राच्या इतिहासात आपण प्रयोगांचा व सिद्धांतांचा मागोवा घेतो. ते ज्या शब्दांत मांडले गेले त्या शब्दांकडे मात्र सहसा लक्ष देत नाही. वस्तुतः संज्ञा ही केवळ नावाची चिठ्ठी नसते. अभ्यासकाने काय पाहावे आणि समाजाने दोष कोणाच्या माथी मारावा, हे पुष्कळदा तीच ठरविते. बालपणी सोसलेल्या हालांचा प्रौढाच्या मेंदूवर व वर्तनावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा गेल्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय. त्यातील तीन संज्ञांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली संज्ञा ‘वंचना’. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ यांनी दोन संस्थांतील अर्भकांची तुलना प्रसिद्ध केली. एक संस्था तुरुंगाला जोडलेली होती व तेथे कैदी माता आपल्या मुलांचे संगोपन स्वतः करीत. दुसरी अनाथ अर्भकांची. तेथे स्वच्छता होती, अन्न होते, वैद्यकीय देखरेख होती. परंतु एकेका परिचारिकेकडे आठ किंवा त्याहून अधिक मुले असत. या दुसऱ्या संस्थेतील मुले खुंटली, आणि दोन वर्षांच्या अवधीत त्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक दगावली. पुढे १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि ‘मातृवंचना’ ही संज्ञा रूढ झाली. तिचे उपकार मोठे आहेत. रुग्णालयात एकाकी पडलेल्या मुलाला आईची भेट मिळू लागली, त्यामागे या विचाराचा वाटा होता. परंतु वियोग, उपासमार, उत्तेजनाचा अभाव आणि प्रेमाचा अभाव या वेगवेगळ्या गोष्टी या एका शब्दात कोंबल्या गेल्या, आणि त्या सर्वांची जबाबदारी आईवर येऊन पडली. हा गुंता मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये आपल्या पुस्तकात पद्धतशीरपणे उकलला.

दुसरी संज्ञा ‘ताण’. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये दाखविले की, थंडी, जखम, विष अशा भिन्न उपद्रवांना उंदराचे शरीर एकाच ठरावीक रीतीने तोंड देते. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, जठरात व्रण पडतात. यासाठी त्यांनी पुढे जो इंग्रजी शब्द रूढ केला, तो पदार्थविज्ञानात बाहेरून पडणाऱ्या जोराचा वाचक आहे; त्या जोराने वस्तूत होणाऱ्या फरकाला तेथे निराळा शब्द आहे. आपले इंग्रजी अधिक चांगले असते तर आपण हा दुसरा शब्द निवडला असता, असे सेल्ये यांनी उत्तरायुष्यात सांगितल्याची नोंद आहे. मराठीतही हीच संदिग्धता आहे. दोरीला ताण ‘देतात’ आणि मनावर ताण ‘येतो’. कारण व कार्य यांना एकच शब्द.

ही संदिग्धता किती महाग पडू शकते, हे सीमूर लेव्हाइन यांच्या प्रयोगांनी दाखविले. १९५७ च्या सुमारास त्यांना असे आढळले की, रोज काही मिनिटे घरट्यातून उचललेली पिल्ले मोठेपणी अधिक धीट होतात, आणि ज्यांना मुळीच हात लावला नाही तीच अधिक भित्री निघतात. त्रास दिलेली पिल्ले सुधारली हे कोडेच होते. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, परत आलेल्या पिल्लाला आई अधिक चाटते, आणि परिणामाचे मर्म बरेचसे तेथे आहे. उपद्रव किती झाला एवढ्यावरच सारे ठरत नाही. उपद्रवानंतर कोणी जवळ घेतले की नाही, यालाही तितकेच महत्त्व आहे.

तिसरी संज्ञा ‘खूण’. मॅकगिल विद्यापीठातीलच मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखविले की, आईने पुष्कळ चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोठेपणी ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरकाचे ग्राहक अधिक असतात. हे ग्राहक रक्तातील संप्रेरक ओळखतात व त्याचा स्राव आवरण्यास साहाय्य करतात. ते कमी असल्यास भयाची प्रतिक्रिया लवकर शमत नाही. २००४ मध्ये याच गटाने या फरकाचे मूळ जनुकावर बसणाऱ्या मेथिल गटांत दाखविले. २००९ मध्ये आत्महत्या केलेल्या व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. बालपणी छळ सोसलेल्यांत तशीच खूण आढळली. छळ न सोसलेल्यांत ती नव्हती. प्रत्येक गटात अवघे बारा मेंदू होते, ही मर्यादा मात्र विसरता येत नाही.

‘खूण’ म्हटले की ती न पुसणारी, असा ध्वनी आपोआप उमटतो. परंतु २००४ च्या त्याच निबंधात प्रौढ उंदराच्या मेंदूत औषध सोडून ती खूण बदलता आल्याचे नमूद आहे. शब्दाचा ध्वनी लोकांच्या स्मरणात राहिला. ही दुसरी अर्धी गोष्ट मागे पडली.

मानवी बालकांविषयीचा भक्कम पुरावा रुमानियातून आला. चाउशेस्कू राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर निर्बंध घातले, आणि १९८९ मध्ये ती कोसळली तेव्हा हजारो मुले सरकारी संस्थांत आढळली. बुखारेस्ट येथे २००० पासून अशा १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्मी पालक-कुटुंबांत देण्यात आली. त्यांची बुद्धी संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस ठरली. भाषेच्या बाबतीत सुमारे पंधरा महिन्यांपूर्वी घर मिळालेली मुले सामान्य मुलांच्या बरोबरीस आली. २०१५ मध्ये असेही दिसले की, संस्थेत वाढलेल्यांत ताणप्रसंगी कॉर्टिसॉलची प्रतिक्रिया मंद असते, तर दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांत ती इतर मुलांसारखी असते. उंदरांत अतिरेक आणि येथे मंदपणा. म्हणजे ‘ताणाने संप्रेरक वाढते’ हे सुटसुटीत सूत्रही पुरे पडत नाही.

या इतिहासाचे तात्पर्य काय? तिन्ही संज्ञांनी एकेक सत्य उजेडात आणले आणि एकेक झाकले. ‘वंचने’ने आईवर आरोप ठेवला, ‘ताणा’ने आधाराचा विसर पाडला आणि ‘खुणे’ने आशा मावळविली. त्यांतील शेवटचा धोका आज सर्वांत मोठा आहे. छळ सोसलेल्या मुलाला ‘याचा मेंदूच बिघडला’ असे म्हणणारा शिक्षक किंवा दत्तक घेण्यास कचरणारे दांपत्य शास्त्राचाच आधार घेतो असे समजते; परंतु शास्त्राने तसे कोठेही म्हटलेले नाही. शास्त्राने म्हटले आहे ते इतकेच की, वेळेला महत्त्व आहे, आणि जवळ घेणाऱ्या माणसाला त्याहून अधिक.