पाणी राखीव, पण पिते कोण? : कोलोरॅडो नदीच्या वाटपाची शंभर वर्षे

पाणीटंचाईची चर्चा निघाली की प्रस्थापितांचे उत्तर ठरलेले असते. पाऊस कमी झाला, लोकसंख्या वाढली, नदी आटली, तेव्हा आता सर्वांनीच काटकसर केली पाहिजे. या उत्तरातला 'सर्वांनी' हा शब्द फसवा आहे. ज्याच्या वाट्याला पाणी कधी आलेच नाही, त्याने कशात काटकसर करायची? टंचाई निसर्ग आणत असेल, पण टंचाईची झळ कोणी सोसायची हे माणसे ठरवतात. ती कोणत्या बैठकीत ठरवतात आणि त्या बैठकीला कोणाला बोलावले जात नाही, हे तपासल्याशिवाय पाण्याचा कोणताही इतिहास पूर्ण होत नाही. अमेरिकेच्या वाळवंटातून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचला पाहिजे तो याच कारणासाठी.

कोलोरॅडो ही सुमारे २,३३० किलोमीटर लांबीची नदी. रॉकी पर्वतातले बर्फ वितळून तिला पाणी येते आणि पुढे ती देशातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशातून वाहत मेक्सिकोत जाते. अमेरिकेतली सात राज्ये आणि मेक्सिकोतली दोन राज्ये तिच्यावर अवलंबून आहेत. लॉस एंजेलिस, लास वेगास, फिनिक्स, डेन्व्हर या शहरांसह सुमारे चार कोटी लोकांना तिचे पाणी मिळते आणि सुमारे ५५ लाख एकर शेती तिच्यावर भिजते. याच खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांच्या ३० मान्यताप्राप्त जमाती राहतात. अमेरिकेचे सरकार जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे पूर्वज या पाण्यावर जगत होते.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी पश्चिमेत पाण्याचा जो कायदा रूढ केला, त्याचे मूळ कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींत आहे. ज्याने नदीचे पाणी आधी वळवून वापरले त्याचा हक्क आधी, असा तो नियम. दुष्काळ पडला तर जुन्या तारखेच्या हक्कदाराला पूर्ण पाणी मिळते आणि नव्या तारखेच्या हक्कदाराला उरले तर मिळते. दिसायला नियम सरळ आहे, कारण त्यात कोणाची जात नाही, वंश नाही, फक्त तारीख आहे. पण तारखेवरच जायचे तर पहिला हक्क कोणाचा?

कोलोरॅडोला मिळणाऱ्या हिला नदीच्या काठी अकिमेल ओओदाम लोक राहतात. या नावाचा अर्थच 'नदीचे लोक' असा आहे. त्या खोऱ्यातल्या प्राचीन होहोकाम लोकांनी वाळवंटात मैलोन्मैल कालवे खोदून शेती केली होती. आज जिथे फिनिक्स शहर उभे आहे, तिथल्या पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच जुन्या कालव्यांमधली माती उपसून आपली शेती सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यांना ओओदाम लोकांच्या शेतातल्या गव्हाने जगवले. पुढे वरच्या अंगाला वसाहती वाढल्या, गोऱ्यांनी तिथेच पाणी वळवले आणि खालच्या अंगाला नदीचे पात्र कोरडे पडले. ज्यांनी दुसऱ्यांना धान्य दिले त्यांच्यावर उपासमारीची आणि सरकारी शिध्याची वेळ आली. आज या समाजात मधुमेहाचे प्रमाण जगात नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. शेती गेली, अन्न बदलले, शरीर बदलले. 'आधी वापरणाऱ्याचा हक्क आधी' हा नियम तेव्हाही लागू होता, फक्त मोजणारे हात आणि नोंदवही गोऱ्यांची होती.

कायद्याने या अन्यायाची दखलच घेतली नाही, असे मात्र नाही. कोलोरॅडोच्या बरेच उत्तरेला, माँटाना राज्यात, फोर्ट बेलक्नॅप नावाचे आदिवासींचे राखीव क्षेत्र आहे. तिथल्या मिल्क नदीचे पाणी वरच्या अंगाच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी अडवले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०८ मध्ये 'विंटर्स' खटल्याचा निकाल लागला. सरकारने या लोकांना शेती करून राहण्यासाठी जमीन राखून ठेवली, तेव्हा त्या जमिनीसाठी लागणारे पाणीही राखून ठेवले असेच मानले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. या हक्काची तारीख राखीव क्षेत्र स्थापन झाल्याची. पाणी वापरले नाही म्हणून हा हक्क बुडत नाही. कागदावर याहून भक्कम संरक्षण क्वचितच कोणाला मिळाले असेल.

मग चौदा वर्षांनी काय झाले ते पाहा. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी सांता फे शहरात कोलोरॅडो नदीच्या वाटपाचा करार झाला. अध्यक्षस्थानी होते तेव्हाचे वाणिज्यमंत्री आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर. टेबलाभोवती सात राज्यांचे सात प्रतिनिधी होते. एकाही जमातीचा प्रतिनिधी नव्हता आणि मेक्सिकोचाही नव्हता. नदीचे वरचे खोरे आणि खालचे खोरे असे दोन भाग पाडून प्रत्येकाला वर्षाला ७५ लाख एकर-फूट पाणी देण्यात आले. एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट, साधारण १२ लाख ३३ हजार लिटर. जमातींचा उल्लेख कराराच्या सातव्या कलमात एका वाक्यात उरकला आहे. जमातींविषयी अमेरिकेची जी बंधने आहेत त्यांवर या कराराचा परिणाम होणार नाही, एवढाच त्याचा आशय. किती पाणी, कोठून, कोणाच्या वाट्यातून, यावर एक शब्द नाही. त्या वेळी अनेक मूळ रहिवाशांना त्यांच्याच भूमीत सर्वांना सरसकट मिळणारे नागरिकत्वसुद्धा नव्हते. ते १९२४ च्या कायद्याने मिळाले आणि ॲरिझोनात मतदानाचा हक्क मिळायला १९४८ साल उजाडले.

या कराराचा दुसरा दोषही याच वृत्तीतून आला. नदीत जितके पाणी आहे त्यापेक्षा जास्त वाटले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षे नेहमीपेक्षा ओली होती आणि हिशेब त्या वर्षांवर बेतला होता. सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले ई. सी. लारू त्याच काळात सांगत होते की प्रवाह इतका नाही. पण वाटून घेणाऱ्यांना मोठा आकडा सोयीचा होता. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला द्यायचे १५ लाख एकर-फूट त्यावर वाढले. २००० सालापासून मात्र नदीचा सरासरी प्रवाह वर्षाला सव्वा कोटी एकर-फुटांच्या आसपास आला आहे. वाटप दीड कोटीहून अधिक, नदी सव्वा कोटी, आणि या वाटपात जमातींचा हिशेब वेगळा धरलेलाच नाही.

तो हिशेब करायला १९६३ साल यावे लागले. ॲरिझोना विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोलोरॅडोवरच्या पाच जमातींना वर्षाला नऊ लाख एकर-फुटांहून थोडे अधिक पाणी वळवण्याचा हक्क मोजून दिला. आज खोऱ्यातल्या जमातींचे मान्य झालेले हक्क एकत्र केले तर ते नदीच्या पाण्याच्या जवळपास एक चतुर्थांश भरतात. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की न्याय झाला.

खरी गोम इथे आहे. हक्क निकालपत्रात असतो, पाणी मात्र धरण, कालवा, पंप आणि नळ यांतूनच येते. सरकारने धरणे बांधली ती शहरांसाठी आणि मोठ्या बागायतदारांसाठी. कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल खोऱ्यात वर्षाला जेमतेम तीन इंच पाऊस पडतो, पण तिथल्या एका सिंचन मंडळाचा हक्क ३१ लाख एकर-फूट आहे. संपूर्ण ॲरिझोना राज्याचा वाटा आहे २८ लाख. खोऱ्यातले लोक जितके पाणी वापरतात त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग शेतीला जातो आणि त्यातला मोठा हिस्सा लसूणघासासारख्या गुरांच्या चाऱ्याला. जमातींच्या क्षेत्रात कालवे खोदायला मात्र पैसा नव्हता. मग त्यांच्या नावावरचे न वापरलेले पाणी कुठे जाते? ते नदीतून खाली वाहते आणि पुढचे हक्कदार ते वापरतात, एक पैसाही न मोजता. पन्नास वर्षे असे चालले की त्या पाण्यावर शहरे वाढतात, बागा उभ्या राहतात. आणि मग जमातीने आपला वाटा मागितला की ओरड होते, एवढ्या लोकांच्या तोंडचे पाणी पळवणार का?

आपल्या चळवळीला हा डाव ओळखीचा आहे. राखीव जागा भरायच्या नाहीत, अनुशेष साचू द्यायचा आणि शेवटी 'पात्र उमेदवार मिळाला नाही' म्हणून ती जागा दुसऱ्याकडे वळवायची. अनुसूचित जातींच्या विकासासाठीचा निधी अखर्चित ठेवायचा आणि तो भलत्याच कामाला लावायचा. न वापरलेला राखीव हक्क कधीच रिकामा पडून राहत नाही, त्यावर कोणीतरी फुकट जगत असतो. आणि जो फुकट जगतो तोच उद्या हक्कदाराला फुकट्या म्हणतो.

ओओदाम लोकांच्या हिला नदी समुदायाला २००४ च्या कायद्याने वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाणी मिळाले. नदी कोरडी पडू लागल्यापासून तोवर शंभराहून अधिक वर्षे गेली होती. अनेकांची लढाई अजून संपलेली नाही. नवाहो राष्ट्राने १८६८ मध्ये अमेरिकेशी तह केला. तीन राज्यांत पसरलेल्या त्यांच्या प्रदेशातल्या सुमारे तीस टक्के घरांत आजही नळाचे पाणी नाही. लोक मैलोन्मैल गाडी चालवून टाक्या भरून आणतात. आमच्या पाण्याची गरज किती आहे ते मोजा आणि ती भागवण्याची योजना करा, एवढीच मागणी घेऊन ते न्यायालयात गेले. २२ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. तहाने पाणी राखून ठेवले आहे, पण ते मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन सरकारवर नाही, असा निकाल दिला. हक्क आहे, पण तो बजावून देण्याची जबाबदारी कोणाची नाही!

नदीच्या अगदी शेवटी, मेक्सिकोत, कुकापा लोक राहतात. तेही नदीचेच लोक, मासेमारीवर जगणारे. १९६० च्या दशकापासून कोलोरॅडो क्वचितच समुद्रापर्यंत पोहोचते. २०१४ मध्ये दोन्ही देशांच्या समझोत्याने काही आठवडे पाणी सोडले गेले, तेव्हा कोरड्या पात्रात वाहते पाणी पाहायला मुले धावली. उगमाकडच्या प्रत्येकाने आपला हिशेब बरोबर केला की मुखाशी काय उरते, ते तिथे दिसते.

आता महाडकडे वळू. सांता फेचा करार झाला तेव्हा बाबासाहेब शिक्षणासाठी युरोपात होते. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर होते आणि तळ्यात अस्पृश्याची ओंजळ बुडत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर सवर्णांनी हल्ले केले, तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, दिवाणी दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. दहा वर्षे लढून जे मिळवले, ते ठरावाने चौदा वर्षांपूर्वीच 'दिलेले' होते.

दोन्ही लढे एकच आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. महाडला तळे भरलेले होते. मुसलमान, ख्रिस्ती त्याचे पाणी घेत होते, गुरेढोरे ते पीत होती, नकार होता तो अस्पृश्याच्या स्पर्शाला. कोलोरॅडोवर प्रश्न जिंकून घेतलेल्या भूमीचा, मोडलेल्या तहांचा आणि मर्यादित पाण्याच्या वाट्याचा आहे. आपण समान नागरिक म्हणून हक्क मागितला, ते स्वतंत्र राष्ट्रे म्हणून तहाची अंमलबजावणी मागतात. पण हक्क देताना कागद उदार ठेवायचा आणि अंमलबजावणीत हात आखडायचा, ही सत्तेची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

बाबासाहेबांना ही रीत पुरती ठाऊक होती. म्हणूनच साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत त्यांनी दयेची नव्हे, प्रतिनिधित्वाची मागणी केली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि सिंचन व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोरे योजनेसाठी त्यांनी अमेरिकेच्याच टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना समोर ठेवला. नदीकडे अख्खे खोरे म्हणून पाहायचे, पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करायचा, ही दृष्टी त्यामागे होती. ज्याला एका तळ्याचे पाणी नाकारले गेले त्या समाजाचा माणूस देशाच्या नद्यांचे धोरण आखण्याच्या खुर्चीवर बसला, याचे महत्त्व सांता फेच्या त्या टेबलाकडे पाहिले की अधिक कळते.

२०२१ मध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली. २००७ मध्ये ठरलेले टंचाईचे नियम २०२६ मध्ये संपतात आणि नव्या वाटपाच्या वाटाघाटींत आम्हाला पाहुणे म्हणून नको, पक्षकार म्हणून बसवा, अशी जमातींची मागणी आहे. शंभर वर्षांच्या अनुभवातून आलेली ही मागणी आहे.

आपल्याकडेही धरणाचे, कालव्याचे, समन्यायी वाटपाचे ठराव होतात. अशा प्रत्येक ठरावाला कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. वाटप ठरले तेव्हा बैठकीला कोण होते? आमच्या नावावरचे पाणी आज कोण वापरते आहे? आणि ते आमच्यापर्यंत आणणारा कालवा कोणाच्या अंदाजपत्रकात आहे? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ठरावाचे अभिनंदन करू नये. चवदार तळे ठरावाने खुले झाले नव्हते.

जय भीम!