बेहड्याच्या फळापासून रमीच्या पानापर्यंत

यवतमाळच्या आठवडी बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्यापाशी हिरड्याबरोबर बेहडाही मिळतो. त्रिफळा चूर्णातील एक घटक, एवढीच त्याची ओळख आज उरली आहे. परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४ व्या सूक्तात ज्या फाशांपायी जुगाऱ्याचे घर उद्ध्वस्त होते, ते फासे म्हणजे याच झाडाची फळे. व्याख्यानमालेत जुगाराचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडतील, त्यांनी वेदाचा हा दाखला ध्यानात घ्यावा.

त्या खेळाची रीत संशोधकांनी अनुमानाने बसविली आहे ती अशी. ढिगातून मूठभर फळे उचलावयाची आणि चार-चारांनी मोजावयाची. बाकी न उरली तर ‘कृत’, तीन उरली तर ‘त्रेता’, दोन उरली तर ‘द्वापर’ आणि एकच उरले तर ‘कली’. कली म्हणजे हरलेला डाव. पुढे हीच नावे चार युगांस मिळाली.

आता नलोपाख्यानाकडे वळू. दमयंती विदर्भराज भीमाची कन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे. हीच नदी खाली येऊन आमच्या जिल्ह्याची पूर्वसीमा होते. तेव्हा ही कथा आमच्या माहेरवाशिणीची. नल पुष्कराशी द्यूत खेळून राज्य हरला, वनात दमयंतीला टाकून गेला, हे सर्वांस ठाऊक आहे. कमी सांगितला जातो तो पुढचा भाग. बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन नल अयोध्येहून विदर्भाकडे रथ हाकीत असता, वाटेत राजाने एका बेहड्याकडे नुसती नजर टाकली आणि त्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळे आहेत असे सांगितले. बाहुकाने हट्टाने रथ थांबविला, झाड पाडले, फळे मोजली. तितकीच भरली! मग अश्वविद्या देऊन त्याने राजाकडून अक्षविद्या घेतली, तोच त्याच्या अंगातील कली बाहेर पडून त्या बेहड्यात शिरला. संस्कृतात या झाडास ‘कलिद्रुम’ म्हणतात ते उगीच नव्हे.

ज्या खेळात फळांची संख्या हेच सर्वस्व, त्यात ढिगाचा झटपट अंदाज करता येणे ही खरी विद्या होती. म्हणजे नशिबाच्या खेळात अक्कल कितपत चालते, हा प्रश्न महाभारतकाराला सुचला होता. तो नलाला पुन्हा डाव जिंकून देतो. पण विद्या आल्यावरही नलाने त्या डावात दमयंतीसकट सर्व काही पणाला लावले, ही गोष्ट कीर्तनकार भराभर उरकून टाकतात. आम्हांला ती फार मोठी वाटते.

दुसरी कथा मराठीच्या आद्य गद्यग्रंथातली. ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींचे पूर्ववृत्त येते. भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव द्यूतात हरले. देणे फेडण्यास त्यांनी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत. पित्याने रक्कम भरली, पण मन विटले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपाशी पोचले. ज्यांना पंथ अवतार मानतो त्यांचे द्यूत ग्रंथकार म्हाइंभटाने झाकून ठेवले नाही, याचे आम्हांस कौतुक आहे.

पत्ते आपल्याकडे पुष्कळ नंतरचे. बाबराच्या आठवणींत १५२७ साली गंजिफा पाठविल्याची नोंद आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. रमी मात्र थेट परदेशी. मेक्सिकोकडे एकोणिसाव्या शतकात खेळल्या जाणाऱ्या ‘कोंकियान’ची ती नात म्हणता येईल. १३ पाने हाती घ्यावयाची, एक उचलून एक टाकावयाचे आणि सारी पाने जुळवावयाची. त्यात जोकरावाचून एकाच रंगाची सलग पाने एकदा तरी लागलीच पाहिजेत. समोरच्याने कोणते पान उचलले, कोणते टाकले, हे ज्याच्या ध्यानी राहते तो सहसा तरतो. ऋतुपर्णाचीच ही विद्या!

याउलट मटका. मुंबईचा आकडा आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चाले. १९६० नंतरच्या दशकात तो मार्ग खुंटला आणि पुढे कॅटातून तीन पाने काढून आकडा ठरू लागला. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याने हे विशेष लक्षात ठेवावे. तेथे स्मरणशक्ती काय करणार?

न्यायालयापुढे हा भेद आला तो सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पाने पिसण्यात व वाटण्यात दैव असते, पण तसे ते ब्रिजमध्येही असते. तीन पत्तीची गोष्ट वेगळी. मात्र खेळावर घरमालक वा क्लब नफा काढीत असेल तर गुन्हा होऊ शकेल, असेही त्याच निकालात आहे. उद्धृत होतो तो पहिला भाग. दुसरा फारसा कोणी वाचीत नाही.

मोबाइलवरच्या रमीच्या धंद्याने त्या पहिल्या भागाचीच ढाल केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा मंजूर केला त्यात, पैसे लावून ऑनलाइन खेळावयाच्या खेळांपुरता, कौशल्य आणि दैव हा भेदच ठेवला नाही. लग्नघरी रात्र जागविण्यासाठी वऱ्हाडी मंडळी पाने पिसून बसतात, त्यांना तो लागू नाही. तेथे गुण वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडतात आणि सकाळी ते पान बंब पेटवायला जाते.